थ्रेशोल्ड ५ वरून ३ वर आणला, तरी स्पॅम का थांबत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे: डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि स्पॅम ओळखणारी गाळणी स्पॅमअ‍ॅसॅसिन, साठेक मेलबॉक्स, आणि पुढ्यात ऑफिसचा फायरवॉल. स्पॅम वाढला म्हणून स्पॅमअ‍ॅसॅसिनचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती गुणांना मेल स्पॅम धरायचा तो आकडा, ५ वरून ३ वर आणला. त्यानंतर ग्राहकांच्या परचेस ऑर्डर जंकमध्ये जायला लागल्या आणि ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करा’ छापाचे मेल मात्र इनबॉक्समध्ये येतच राहिले. अशा एका मेलचं हेडर (मेलसोबतची प्रवासाची आणि तपासणीची नोंद) आणि सर्व्हरचं कॉन्फिगरेशन सोबत दिलंय, आणि विचारलंय की आता कोणते नियम वाढवू.

एकही वाढवू नका. आणि आकडा आजच परत ५ वर न्या. स्पॅमअ‍ॅसॅसिनमधल्या नियमांचे गुण ५ ही रेघ धरूनच बसवलेले असतात. विषय सगळा कॅपिटलमध्ये, मजकूर नुसता एचटीएमएलमध्ये, मेसेज आयडी गायब, हे सगळं एखाद्या जुन्या ईआरपीमधून (कंपनीच्या हिशेब-खरेदीच्या सॉफ्टवेअरमधून) आपोआप निघालेल्या खऱ्या परचेस ऑर्डरमध्येही सर्रास असतं. अशा किरकोळ खुणांची बेरीज ३ पर्यंत सहज जाते, ५ पर्यंत क्वचित. रेघ खाली ओढून स्पॅमवाले सापडले नाहीत. गबाळं सॉफ्टवेअर वापरणारी तुमची गिऱ्हाईकं तेवढी सापडली.

नियम कमी पडलेत असं मला वाटत नाही. समोरून मेल आणणारा कोण आहे हेच तुमच्या सर्व्हरला दिसत नाहीये, आणि ते तुम्ही पाठवलेल्या हेडरमध्येच लिहिलेलं आहे. (सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती इंग्रजीत आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर.)

हेडर काय सांगतंय

पहिली खूण ‘ऑल ट्रस्टेड’, उणे १ गुण. म्हणजे हा मेल फक्त विश्वासातल्या मशीनमधून आला असं स्पॅमअ‍ॅसॅसिन समजतोय. बाहेरून आलेल्या कचऱ्याला ही सूट मिळायलाच नको. त्याचं कारण वरच्याच ‘रिसीव्ह्ड’ ओळीत आहे: मेल आणून देणाऱ्याचा पत्ता तिथे १९२.१६८.१.१ दिसतोय. तो तुमचाच फायरवॉल आहे.

दुसरी खूण ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’, गुण ०.००१. एवढा बारीक आकडा पाहून सगळे ती ओळ सोडून देतात. पण ती गुणांसाठी नसतेच, ती तक्रार असते: मेलमधल्या लिंकचं डोमेन काळ्या यादीत आहे का हे विचारायला गेलो, तर यादीवाल्याने ‘तुमच्या डीएनएसकडून फार प्रश्न येतात’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा; काळ्या याद्यांनाही तिच्यातूनच विचारतात.)

तिसरी खूण म्हणजे नसलेली ओळ. बेज हा दाखवलेल्या मेलवरून शिकणारा भाग, आणि ‘बेज’ने सुरू होणारं एकही नाव हेडरमध्ये नाही. बेज चालू असेल तर ‘बेज ००’ पासून ‘बेज ९९’ पर्यंत काहीतरी एक असतंच. इथे काहीच नाही, म्हणजे तो भाग झोपलेला आहे.

थोडक्यात पाठवणाऱ्याचा आयपी दिसत नाही, लिंकची चौकशी होत नाही आणि शिकलेलं ज्ञान वापरलं जात नाही. राहिलं काय, तर विषयातली कॅपिटल अक्षरं. तेवढ्यावर गाळणी कशी चालणार?

आधी फायरवॉल

दुरुस्तीचा क्रम इथे महत्त्वाचा आहे, म्हणून सांगतो. आधी फायरवॉल, मग डीएनएस. उलट केलंत तर गोंधळ वाढेल.

तुमच्या फायरवॉलवर बाहेरचे मेल येतात ते २५ नंबरचं पोर्ट आत वळवणाऱ्या नियमात मास्करेड किंवा सोर्स नॅट चालू आहे, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून फायरवॉल तिथे स्वतःचा लिहितो. बऱ्याच ऑफिसांत बसवणारा माणूस ‘चाललं ना’ म्हणून ते तसंच ठेवून जातो. त्यामुळे जगातला प्रत्येक सर्व्हर तुमच्या पोस्टफिक्सला १९२.१६८.१.१ म्हणूनच भेटतो. अशा वेळी आयपीच्या काळ्या याद्या निरुपयोगी, एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने पाठवायची या सर्व्हरला परवानगी आहे का, ही तपासणी) निरुपयोगी, रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधणं) निरुपयोगी. लॉगमध्ये ‘कनेक्ट फ्रॉम’ असलेल्या शंभरेक ओळी काढून बघा. सगळीकडे एकच पत्ता असेल तर शंका उरणार नाही.

आणि याहून गंभीर गोष्ट. तुमच्या पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये, म्हणजे मेन डॉट सीएफमध्ये, ‘माय नेटवर्क्स’मध्ये १९२.१६८.१.०/२४ आहे. पोस्टफिक्स त्या नेटवर्कमधल्या कुणालाही लॉगिनशिवाय बाहेर मेल पाठवू देतो. आता बाहेरचा प्रत्येक जण १९२.१६८.१.१ दिसत असेल, तर बाहेरच्या प्रत्येकाला ती परवानगी आहे. याला ओपन रिले म्हणतात. अजून कुणाला तो सापडला नसेल तर नशीब समजा. सापडला की तुमच्या नावाने जगभर स्पॅम जाईल, तुमचा आयपी याद्यांमध्ये चढेल, आणि मग तुमची कोटेशन ग्राहकांच्या जंकमध्ये पडतील.

तर नियमात फक्त डेस्टिनेशन नॅट (आलेलं कनेक्शन आत वळवणं) ठेवा, सोर्स नॅट काढा. सर्व्हरचा डीफॉल्ट गेटवे तोच फायरवॉल असायला हवा, नाहीतर परतीची पॅकेट भलतीकडे जातात आणि कनेक्शनच होत नाही. बहुधा म्हणूनच कुणीतरी सोर्स नॅट लावलं असणार. ‘माय नेटवर्क्स’मध्ये फक्त १२७.०.०.०/८ आणि त्याचा आयपीव्ही६ जोडीदार ठेवा. स्कॅन करून मेल पाठवणारं झेरॉक्स मशीन बहुतेक ऑफिसात असतं आणि त्याला लॉगिन जमत नाही. त्याचा एकट्याचा पत्ता टाका, अख्खं नेटवर्क नको. माणसांनी ५८७ किंवा ४६५ नंबरच्या पोर्टवरून पासवर्ड देऊनच पाठवायचं.

आता क्रम का, ते. स्पॅमअ‍ॅसॅसिन तुमच्या विश्वासातल्या मशीनच्या पलीकडचा, म्हणजे बाहेरून आलेला पहिला आयपी शोधतो आणि तो याद्यांमध्ये तपासतो. फायरवॉलचा पत्ता विश्वासातला धरल्यामुळे तो एक पायरी जास्त मागे जातो. मागे काय असतं? ग्राहकाच्या सर्व्हरला मेल देणारा त्यांच्या ऑफिसातला साधा ब्रॉडबँडचा आयपी. असे पत्ते काळ्या याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असतात आणि त्यात गैर काही नाही, कारण ब्रॉडबँडवरून थेट मेल टाकू नये एवढंच ती यादी सांगते. पण ग्राहकाच्या सर्व्हरने ‘हा लॉगिन करून आला’ अशी खूण हेडरमध्ये लिहिली नसेल, तर तुमच्याकडे त्या सज्जन माणसाला पीबीएलचे तीनहून जास्त गुण बसतात. आत्ता डीएनएस बिघडलंय म्हणून ते बसत नाहीयेत. फायरवॉल तसाच ठेवून फक्त डीएनएस नीट केलंत, तर परचेस ऑर्डर आणखी जंकमध्ये जातील आणि तुम्ही मला बोल लावाल.

डीएनएस स्वतःचं

सर्व्हरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ८.८.८.८, म्हणजे गूगलचं सार्वजनिक डीएनएस, आहे. वेबसाइट बघायला ते उत्तम. मेल सर्व्हरला चालत नाही. काळ्या याद्या चालवणारे प्रश्न मोजतात, आणि गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसमधून विचारलंत की तुमचा प्रश्न लाखो लोकांच्या गर्दीत मिसळतो. स्पॅमहाउस आणि यूआरआयबीएल अशा प्रश्नांना खरं उत्तर देत नाहीत, नुसता नकार कळवतात.

त्याच मशीनवर अनबाउंड हे स्वतःचं डीएनएस बसवा, १२७.०.०.१ वर ऐकू द्या, आणि त्याला पुढे कुणाकडेही फॉरवर्ड करू नका. फॉरवर्डर म्हणून पुन्हा ८.८.८.८ लिहून ठेवलेले अनबाउंड मी भरपूर पाहिलेत; त्याने काहीच साधत नाही. डीएचसीपी किंवा सिस्टिमडी रिझॉल्व्ह्ड रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ परत बदलत नाही ना, हे एकदा रीबूट करून तपासा.

मग चाचणी. स्पॅमहाउसच्या झेन या एकत्रित यादीत १२७.०.०.२ हा पत्ता मुद्दाम चाचणीसाठी ठेवलेला आहे. पत्ता उलटा लिहायचा, म्हणजे २.०.०.१२७, आणि पुढे झेन यादीचं नाव जोडून डिग या कमांडने विचारायचं. १२७.०.०.२, १२७.०.०.४, १२७.०.०.१० अशी उत्तरं आली तर ठीक. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर तुम्ही अजून सार्वजनिक डीएनएसमधूनच विचारताय.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण त्यात एक खड्डा आहे. पोस्टफिक्समध्ये यादीचं नुसतं नाव लिहिलं तर कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं तो धरतो. स्पॅमहाउसकडून ‘तुमची विचारण्याची पद्धत चुकली’ असं १२७.२५५.२५५.२५४ आलं, तरी पोस्टफिक्स त्याला होकार समजतो आणि प्रत्येक मेल परत पाठवतो. एका रात्रीत डीएनएस बदललं, आणि सकाळी अख्ख्या कंपनीचे मेल बंद, असे प्रकार यातूनच होतात. म्हणून यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह (=) देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य करा.

याद्याही कायमच्या नसतात. ओआरडीबी नावाची एकेकाळची लोकप्रिय यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हा स्पॅमवाला’ असं उत्तर द्यायला लागली, आणि ज्यांनी सेटिंग काढलं नव्हतं त्यांचे सगळे मेल उडाले. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली. ती तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये अजून आहे, काढा. कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललेल्या सहा-सात याद्यांपेक्षा भरवशाच्या दोन पुरतात. स्पॅमहाउसचा फुकट वापर बिगर-व्यावसायिक आणि कमी वर्दळीच्या सर्व्हरपुरता आहे, तुमचा कारखाना आहे, तेव्हा त्यांच्या अटी वाचून नोंदणी करून किल्ली घ्या.

दारावरच परतवा

मजकूर वाचून ठरवणं महाग पडतं आणि चुका तिथेच होतात. जो कचरा मजकूर न बघताच ओळखू येतो तो स्पॅमअ‍ॅसॅसिनपर्यंत जाऊच नये. पोस्टफिक्समध्ये यासाठी पोस्टस्क्रीन हा दारवान आहे, आवृत्ती २.८ पासून. लोक ते वापरत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. मेल पाठवणाऱ्याने आधी समोरच्या सर्व्हरचं स्वागतवाक्य पूर्ण ऐकायचं आणि मग बोलायचं, असा एसएमटीपीचा, म्हणजे मेल सर्व्हरांच्या आपसातल्या भाषेचा, शिरस्ता आहे. पोस्टस्क्रीन स्वागताची पहिली ओळ देतो, पुढे आणखी आहे अशी खूण ठेवतो, आणि सहा सेकंद गप्प बसतो. खरा मेल सर्व्हर थांबतो. व्हायरस लागलेल्या कुठल्यातरी पीसीवरचा बॉट घाईत असतो, तो वाक्य संपायच्या आत आपलं घोडं पुढे दामटतो आणि सापडतो. एकदा पास झालेल्या आयपीला पोस्टस्क्रीन काही काळ पुन्हा थांबवत नाही, म्हणून नेहमीच्या ग्राहकांच्या मेलला दर वेळी उशीर होत नाही.

त्याच सहा सेकंदांत तो काळ्या याद्याही विचारून घेतो, आणि यादीनुसार वजन देता येतं. स्पॅमहाउस झेनला ३, स्पॅमकॉपला १, बॅराकुडाला १ (तिथे आधी नोंदणी लागते), आणि थ्रेशोल्ड ३, असं मी लावतो. झेन एकटी पुरेशी, बाकीच्या दोन मिळूनही नाहीत. स्पॅमकॉप कधीकधी मोठ्या, सभ्य मेल सेवांचे आयपीही थोड्या वेळासाठी चढवते, म्हणून तिच्या एकटीच्या शब्दावर दार लावायचं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पोस्टस्क्रीनची कारवाई मुळात ‘इग्नोर’ असते, म्हणजे तो लॉगमध्ये लिहितो पण अडवत नाही. पहिला आठवडा तसंच ठेवा, लॉग वाचा, कोण अडला असता ते बघा, मग ‘एनफोर्स’ करा. दुसरं, पोस्टस्क्रीन आणि याद्या फक्त २५ नंबरवर. मास्टर डॉट सीएफमध्ये ५८७ आणि ४६५ ची वेगळी नोंद असते, तिथे लॉगिन सोडून दुसरी अट नको. तुमचा मार्केटिंगचा माणूस इचलकरंजीतल्या घरच्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवणार, त्याचा आयपी पीबीएलमध्ये असणारच. स्वागताच्या २२० या ओळीनंतरच्या ज्या सखोल चाचण्या पोस्टस्क्रीनमध्ये आहेत त्या बंदच ठेवा. त्या पास झालेल्यालाही एकदा परत पाठवतात.

त्यापुढे पोस्टफिक्सच्या स्वतःच्या अटी. हेलो, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने आधी आपलं नाव सांगणं, सक्तीचं करा. पाठवणाऱ्याचं डोमेन अस्तित्वातच नसेल तर नकार. रिव्हर्स डीएनएसबाबत दोन सेटिंग आहेत आणि नावं जवळजवळ सारखी: ‘रिजेक्ट अननोन क्लायंट होस्टनेम’ आणि ‘रिजेक्ट अननोन रिव्हर्स क्लायंट होस्टनेम’. पहिलं कडक आहे, त्याला नाव आणि पत्ता दोन्ही बाजूंनी जुळलेले लागतात. दुसऱ्याला फक्त पत्त्याला काहीतरी नाव असलं की पुरतं. तुम्ही पहिलं लावलंय. आत्ता पुढे फायरवॉलचाच पत्ता दिसतो आणि तो ‘माय नेटवर्क्स’मधून आधीच सुटतो, म्हणून त्याचा चटका बसत नाहीये. फायरवॉल दुरुस्त केल्याच्या दुसऱ्या मिनिटाला बसेल. लहान कंपन्यांच्या सर्व्हरचं रिव्हर्स डीएनएस इंटरनेटवाल्याच्या हातात असतं आणि ते जुळवून घ्यायला कुणी फोन करत नाही. त्यांना परत पाठवून तुमचंच नुकसान. दुसरं लावा.

नसलेल्या मेलबॉक्सना आलेले मेल दारातच नाकारले गेले पाहिजेत. तुमच्याकडे कॅच-ऑल आहे, डोमेनच्या नावाने काहीही आलं की एका खोक्यात पडतं. तो काढा. स्पॅमवाले सेल्स, इन्फो, अ‍ॅडमिन, पर्चेस अशी नावं अंदाजाने मारत असतात, आणि तुम्ही ती सगळी आनंदाने घेताय. आणि आधी घेऊन मग ‘असा माणूस इथे नाही’ असं उत्तर पाठवणं त्याहून वाईट. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, त्यामुळे ते उत्तर तिसऱ्याच निरपराध माणसाला जातं.

हे सगळं लावताना ‘सॉफ्ट बाउन्स’ यस करा. मग कायमचा ५५० नकार तात्पुरत्या ४५० मध्ये बदलतो. तुमच्याकडून एखादी अट जास्तच कडक झाली तरी समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा येतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस प्रयत्न करत राहतो. एखादी एकटीच अट पारखायची असेल तर तिच्या आधी ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ लिहा. सगळं जमलं की सॉफ्ट बाउन्स आठवणीने बंद करा.

बेज का झोपलाय

‘एसए-लर्न’ या शिकवण्याच्या कमांडला ‘डंप मॅजिक’ विचारा. स्पॅम किती शिकला आणि चांगले मेल, म्हणजे हॅम, किती शिकला हे दोन आकडे मिळतील. दोन्ही २०० च्या वर गेल्याशिवाय बेज तोंड उघडत नाही. तुम्ही म्हणताय हजारभर स्पॅम शिकवला. पण शिकवला कुणाच्या नावाने? रूट (मशीनचा मुख्य यूजर) म्हणून शिकवलात तर ते रूटच्या घरात साठलं, आणि मेल तपासणारा स्पॅमडी वेगळ्याच यूजरखाली चालतो. त्याच्या घरात काहीच नाही. हा घोळ इतका नेहमीचा आहे की बेज दिसला नाही की मी पहिल्यांदा तेच विचारतो. तपासणाऱ्या यूजरच्या नावानेच डंप मॅजिक चालवा, आकडे वेगळे दिसतील. ‘बेज पाथ’ एका ठरावीक जागी ठेवून परवानग्या दिल्या की प्रश्न मिटतो.

त्या यूजरच्या साठ्यात काही सापडलंच, तर तेही पुसून टाका. ऑटोलर्न मुळात ०.१ च्या खाली गुण असलेले मेल हॅम म्हणून आणि १२ च्या वरचे स्पॅम म्हणून स्वतःच शिकतो. याद्या बंद, त्यात उणे १ ची सूट, मग तुमच्याकडचा कितीतरी स्पॅम ०.१ च्या खाली गेला असेल आणि चांगला म्हणून शिकला गेला असेल. असा साठा सुधारत बसण्यापेक्षा कोरा बरा.

नव्याने शिकवताना स्पॅम सहज मिळतो, कस लागतो तो हॅमला. फक्त तुमच्या स्वतःच्या इनबॉक्समधून घेऊ नका, आयटीवाल्याचे मेल कारखान्यासारखे नसतात. अकाउंट्समधून बँकेचे आणि जीएसटीचे संदेश घ्या, स्टोअरमधून चलनं, मार्केटिंगमधून त्या कॅपिटल अक्षरांतल्या परचेस ऑर्डर, युनियनची मराठी पत्रं, वाहतूकदारांचे अर्धे हिंदी अर्धे इंग्रजी मेल. अर्थात त्या त्या लोकांना विचारून. देवनागरी मजकुरासाठी स्पॅमअ‍ॅसॅसिन ४ असलेला बरा. डिसेंबर २०२२ च्या या आवृत्तीत यूटीएफ-८ ची (देवनागरीसारखी अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची) हाताळणी सुधारली आहे, आणि डेबियन १२ मध्ये तीच येते. तुम्ही ११ वर आहात, तिथे ३.४ आहे.

पुढचं शिक्षण लोकांच्या हातून होऊ द्या. डोव्हकॉटमध्ये आयमॅपसीव्ह हे प्लगइन लावलं की कुणी मेल जंकमध्ये टाकला की तो स्पॅम म्हणून शिकला जातो, आणि जंकमधून बाहेर काढला की हॅम म्हणून. जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेला मेल मात्र वगळा. नाहीतर जंक साफ करणारा प्रत्येक जण नकळत सगळा स्पॅम ‘चांगला’ म्हणून शिकवत राहील.

स्वतःच्या डोमेनची व्हाइटलिस्ट

गाळणीच्या लोकल डॉट सीएफ या फाइलमध्ये ‘व्हाइटलिस्ट फ्रॉम’ लावून तुम्ही स्वतःचं डोमेन टाकलंय. हेतू चांगला होता, पण फ्रॉममध्ये कुणीही काहीही लिहू शकतो, आणि त्या ओळीला उणे १०० गुण आहेत. ‘एचआर’ किंवा ‘अ‍ॅडमिन’च्या नावाने तुमच्याच डोमेनचा खोटा मेल आला तर तो कितीही घाणेरडा असो, थेट इनबॉक्समध्ये. ही ओळ आज काढा. ग्राहकांना सूट द्यायचीच असेल तर ‘वेलकमलिस्ट ऑथ’ वापरा (३.४ मध्ये तेच ‘व्हाइटलिस्ट ऑथ’). त्यात एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) जुळलं तरच सूट मिळते.

स्वतःच्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (दोन्ही फसलं तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही प्रकाशित करा. डीमार्क आधी ‘नन’वर ठेवून अहवाल बघा, कारण पगारपत्रकं पाठवणारी एखादी बाहेरची सेवा तुमच्या नावाने मेल पाठवते हे तेव्हाच कळतं. मग ‘क्वारंटाइन’, मग ‘रिजेक्ट’. येणाऱ्या मेलवर मात्र नुसतं एसपीएफ फसलं म्हणून नकार देऊ नका. फॉरवर्ड केलेल्या मेलचं एसपीएफ फसतंच. पाठवणाऱ्यानेच डीमार्कमध्ये रिजेक्ट सांगितलं असेल तर त्याचं ऐका.

ग्रेलिस्टिंग लावू का, असंही विचारलंय. अनोळखी मेलला पहिल्यांदा ‘नंतर ये’ म्हणायचं, ही २००३ सालची कल्पना. तेव्हा फार चालली. आता मोठ्या सेवा दर वेळी वेगळ्या आयपीवरून येतात आणि बँकेचा ओटीपी पाच मिनिटांनी पोचला तर तो मेलेलाच. पोस्टस्क्रीन असताना तुम्हाला गरज नाही.

आरस्पॅमडी या दुसऱ्या गाळणीवर जावं का? नवा सर्व्हर असता तर मी तोच बसवला असता. वेगवान आहे, मिल्टर म्हणून (पोस्टफिक्सला जोडून) कनेक्शन चालू असतानाच नकार देतो, आणि एकाच रेघेऐवजी ४ ला ग्रेलिस्ट, ६ ला हेडर, १५ ला नकार अशा पायऱ्या देतो. पण फायरवॉल आणि डीएनएस असेच ठेवून गेलात तर आरस्पॅमडीही आंधळाच राहील. आधी हे करा. आणि गेलात तर जुनी आणि नवी अशा दोन्ही गाळण्या एकत्र चालवू नका.

जे कुठलीच गाळणी पकडत नाही

एक प्रकार वेगळा काढून सांगतो, कारण कारखान्यांचे पैसे स्पॅमपेक्षा यात जास्त जातात. पुरवठादाराच्या नावाने मेल येतो: आमचं बँक खातं बदललंय, या बिलाचे पैसे नव्या खात्यात टाका. डोमेन जवळपास तेच, फक्त इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवलेले. ते डोमेन रीतसर विकत घेतलेलं असतं, एसपीएफ जुळतं, डीकेआयएम जुळतं, लिंक नाही, अ‍ॅटॅचमेंट नाही. किंवा पुरवठादाराचाच मेलबॉक्स फोडलेला असतो आणि मेल खऱ्या जुन्या संभाषणातच येतो. स्पॅमअ‍ॅसॅसिनने याला शून्य गुण दिले तर त्याची चूक नाही.

याला उपाय अकाउंट्समध्ये आहे. खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. सर्व्हरवर एवढं करता येतं की बाहेरून आलेल्या आणि फ्रॉममध्ये तुमच्या मालकांचं नाव असलेल्या मेलच्या विषयात खूण लावायची. सगळ्याच बाहेरच्या मेलना खूण लावलीत तर दोन दिवसांत कुणी तिच्याकडे बघणार नाही.

अ‍ॅटॅचमेंटमध्ये एक्सई, जेएस, व्हीबीएस, एससीआर, एलएनके, आयएसओ सरळ नाकारा. यातली एकही फाइल परचेस ऑर्डर नसते. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम लावायचा तर सर्व्हरला रॅम वाढवून द्या, त्याच्या सिग्नेचर एकट्याच १ जीबीच्या वर खातात.

जाणाऱ्या मेलकडेही लक्ष असू द्या. कुणाचातरी पासवर्ड ‘कंपनी@१२३’ असतो, तो फुटतो, आणि रात्री तुमच्या सर्व्हरवरून लॉगिन करून स्पॅम जातो. माणसामागे तासाला किती मेल, यावर मर्यादा लावा. साठ मेलबॉक्सच्या कारखान्यात कुणाला तासाला शंभरावर मेल पाठवायची वेळ येत नाही.

आणि हे सगळं तपासायला लॉग लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारतातच, ठेवायचे आहेत, आणि घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरच्या प्रमाण वेळेशी) जुळलेलं हवं. डेबियनचं लॉगरोटेट मेलचे लॉग मुळात चार आठवडेच ठेवतं. रोटेटचा आकडा ४ वरून २६ करा.